हौसेची बिनतारी : एक ऐतिहासिक टिपण



यंदा स्मृतिव्याख्यानाच्या दिवशीच शाळेने आपली प्रयोगशाळा गावासाठी खुली ठेवली आहे. खालच्या दालनात मुलांनी हौशी रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची मांडणी केली आहे. एका टेबलावर तारेची वेटोळी, दुसऱ्यावर पाठीचे झाकण काढलेला जुना रेडिओ, तिसऱ्यावर मोर्सची कळ. हे सारे पाहून आपण वर आलात आणि आता एका मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाकडून त्याच विषयावर ऐकणार आहात, हा योग थोडा विचित्रच म्हटला पाहिजे. विद्युत्‌शास्त्राचा मी विद्यार्थी नव्हे. वाल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांतला भेद मला चाळिशीनंतर समजला. परंतु संयोजकांचा आग्रह असा, की यंत्र कसे चालते हे मुले सांगतीलच. ते आपल्याकडे आले कसे आणि कोणी चालविले, हे तुम्ही सांगा. तेवढेच मी करणार आहे.

आरंभ शब्दापासून करतो, ती आमची खोड आहे. इंग्रजीतल्या 'अमॅच्युअर' या शब्दाच्या मुळाशी 'प्रेम करणारा' असा लॅटिन अर्थ आहे. मराठीने त्यासाठी 'हौशी' हा शब्द योजिला. हौस हा शब्द अरबी 'हवस'पासून आलेला. पण मूळ शब्दातली वासनेची छटा गाळून मराठीने त्याला सणासुदीचे, नटण्यामुरडण्याचे आणि नाटक बसविण्याचे रूप दिले. हौशी रंगभूमी म्हटले की आपल्या मनात थोडे कौतुक आणि थोडी क्षमाशीलता अशा दोन्ही भावना एकदम येतात. चुकले तर चालायचेच, हौशी मंडळी आहेत! माझे म्हणणे एवढेच, की रेडिओच्या बाबतीत ही क्षमाशीलता अनाठायी आहे. या देशात बिनतारी आधी हौशी माणसांनी आणली. कंपन्या आणि सरकार मागाहून आले.

इसवी सन १९२१ मध्ये कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे भारतातले पहिले हौशी रेडिओचालक झाले. त्यांचे संकेतनाम '२ जेके' असे होते. पाठोपाठ मुकुल बोस आले. त्याच शहरात १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवून दाखविली होती, ती लोकांसमोर, सभागृहात. १९२३ साली बंगालमध्ये रेडिओ क्लब निघाला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने ध्वनिक्षेपण केले. १९२४ साली मद्रासच्या क्लबनेही ते केले. क्लब म्हणजे काय, तर वर्गणी काढून यंत्र जमविणारे काही गृहस्थ. व्यापारी तत्त्वावरची इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी मुंबईत सुरू झाली ती २३ जुलै १९२७ रोजी. तीन वर्षांच्या आत ती बुडाली आणि १९३० मध्ये सरकारने तिचा कारभार हाती घेतला. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव तर १९३६ सालचे.

आपण आज अभिमानाने उच्चारतो तो 'आकाशवाणी' हा शब्दही सरकारी कचेरीतून आलेला नाही. म्हैसूरला मानसशास्त्राचे एक प्राध्यापक होते, एम. व्ही. गोपालस्वामी. त्यांनी १९३५ साली स्वतःच्या घरी तीस वॅटचा प्रक्षेपक बसवून केंद्र चालविले, त्याचे नाव आकाशवाणी. तीस वॅट म्हणजे घरातल्या एका मंद दिव्याइतकी शक्ती! सरकारने ते नाव पुढे साऱ्या देशासाठी उचलले. मानसशास्त्राचा प्राध्यापक प्रक्षेपक चालवितो, हे वाचल्यावर आजच्या व्याख्यानाबद्दलचा माझा संकोच थोडा कमी झाला, हे कबूल करतो.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथेही हीच गोष्ट घडली. १९३३ साली हैदराबादेत टपाल-तार खात्यातले महबूब अली यांनी दोनशे वॅटचे केंद्र सुरू केले. 'डेक्कन रेडिओ' तो हाच. दोन वर्षांनी निजाम सरकारने तो आपल्याकडे घेतला, पुढे सरूरनगरला मोठा प्रक्षेपक उभा केला आणि तेव्हाच्या औरंगाबादेतही केंद्र काढले. कार्यक्रमांत उर्दूचा वरचष्मा, तरी तेलुगू, मराठी आणि कानडी यांनाही जागा होती. आदिलाबाद जिल्हा मात्र या सगळ्यापासून दूर, जंगलाच्या आणि पैनगंगेच्या आडोशाला. श्रोत्यांतल्या तरुणांना कदाचित ठाऊक नसेल, की १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. मराठी बोलणारी घरे नदीच्या दोन्ही काठांना होती आणि आहेत. सरहद्द सरकली, माणसे जागच्या जागी राहिली.

याच काळात एक भेद पक्का झाला. तो समजल्याखेरीज पुढचा इतिहास उलगडत नाही. ऐकणे आणि बोलणे या रेडिओच्या दोन क्रिया. त्यांपैकी ऐकण्याची परवानगी सरकार सहज देई. माझ्या लहानपणी घरच्या रेडिओसाठी टपाल कचेरीतून परवान्याचे पुस्तक मिळे, त्यावर वर्षासाठी तिकिटे चिकटवावी लागत. ती पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत होती. वडील ते पुस्तक देवघराच्या फळीवर, पंचांगाशेजारी ठेवीत. बोलण्याची गोष्ट वेगळी. प्रक्षेपक बाळगायचा म्हणजे परीक्षा, चौकशी, संकेतनाम आणि प्रत्येक संभाषणाची वहीत नोंद. यातले पुष्कळसे आवश्यकच आहे, कारण लहरींचा पट्टा मर्यादित असतो आणि दोघे एकाच जागी बोलू लागले तर कोणाचेच ऐकू येत नाही. पण राज्यकर्त्यांच्या मनात याहून निराळी भीतीही असते. १९३९ साली महायुद्ध पेटताच हिंदुस्थानातल्या हौशी रेडिओचालकांचे परवाने स्थगित झाले आणि त्यांना प्रक्षेपक सरकारजमा करण्याचा हुकूम सुटला.

ज्यांच्या हातून यंत्रे गेली, त्यांच्या डोक्यातली विद्या कशी जाणार? मुंबईचे नरिमन प्रिंटर हे असेच हौशी जाणकार होते. ऑगस्ट १९४२ मध्ये पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर निर्बंध आले, तेव्हा उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी ही तरुण मंडळी गुप्त रेडिओ काढण्याच्या खटपटीला लागली. उषाबेन तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. यंत्र उभारायला त्यांना प्रिंटर यांच्यासारखा माणूस लागला. 'शिकागो रेडिओ'च्या नानक मोटवानी यांचे साहाय्य मिळाले. राममनोहर लोहियांचा आधार मिळाला. 'काँग्रेस रेडिओ'चे प्रक्षेपण ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू झाले. लहरीची लांबी ४२.३४ मीटर.

या आकड्यापाशी मी मुद्दाम थांबतो. प्रकाशाच्या वेगाला या लांबीने भागले म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ ही कंप्रता येते. खाली टेबलावर मुलांनी जो पट्ट्यांचा तक्ता टांगला आहे, त्यात 'चाळीस मीटर' असा एक पट्टा आपल्याला दिसेल. तो ७ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याचा गुप्त आवाज हौशी मंडळींच्याच आळीतून निघाला! त्याचे तांत्रिक कारणही आहे. या लहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युत्‌भारित थरावरून परावर्तित होतात. त्या थराला आपल्या शास्त्रीय परिभाषेत आयनांबर म्हणतात. दिवसा त्या काही शे किलोमीटर जातात, रात्री हजारांच्या घरात. थोड्या शक्तीत मुंबईतून देशभर जायचे तर याहून सोयीची जागा नव्हती, आणि ती जागा हौशी माणसाला आपल्या अंगणासारखी परिचयाची होती.

या रेडिओने काय सांगितले? चितगाववरच्या बॉम्बहल्ल्याची बातमी सांगितली, जमशेदपूरच्या संपाची सांगितली आणि आष्टी-चिमूरला झालेल्या अत्याचारांचे वर्णन सांगितले. वर्तमानपत्रांना तेव्हा हे छापता येत नव्हते. चिमूर हे गाव चांदा जिल्ह्यातले, म्हणजे आपल्या तेव्हाच्या राजुरा तालुक्याच्या शेजारच्या जिल्ह्यातले. तिथल्या स्त्रियांवर काय गुदरले, हे मुंबईतल्या एका भाड्याच्या खोलीतून जगाला सांगितले गेले.

पोलीस अर्थात स्वस्थ नव्हते. बिनतारी केंद्र शोधण्याची युक्ती सोपी आहे. गोल वेटोळ्याची तार फिरवीत गेले की एका दिशेला आवाज अगदी बारीक होतो. त्यावरून केंद्राची दिशा कळते. दोन निरनिराळ्या ठिकाणांहून अशा दोन रेषा नकाशावर ओढल्या की त्या छेदतात तेथे केंद्र. म्हणून ही मंडळी चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव, महालक्ष्मी अशी बिऱ्हाडे बदलीत राहिली. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला. पोलिसांना ठिकाण कळले ते पकडल्या गेलेल्या तंत्रज्ञाकडून. ज्याने यंत्र बांधले त्याच्याच तोंडून ते उघडे पडले, यावर पुढे पुष्कळ कठोर लिहिले गेले. मला तेवढे कठोर होता येत नाही. पोलीस कोठडीत माणसाचे काय होते हे ज्याने सोसले नाही, त्याने निवाडा करताना थोडे जपावे. मात्र उषाबेननी चौकशीत तोंड उघडले नाही, हेही तितकेच खरे, आणि त्यांचे मोठेपण त्यात आहे. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, खाकर यांना पाच. रेडिओ जेमतेम तीन महिने चालला.

निजामी राज्यातल्या लोकांना रेडिओचे महत्त्व पटले ते १९४८ साली. डेक्कन रेडिओवरून एक सांगितले जाई, दिल्लीहून दुसरे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबरला खुद्द निजामाने रेडिओवरून शस्त्रबंदी जाहीर केली. सात पिढ्यांच्या राज्याचा शेवट लोकांनी एका खोक्यातून ऐकला. १९५० साली हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीकडे गेली. त्यांतले औरंगाबादचे काही वर्षांतच बंद पडले.

गोमंतकाची कथा याच जातीची, आणि मराठी वाचकाला ती अजून पुरेशी ठाऊक नाही. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून सह्याद्रीच्या जंगलातून गोव्याच्या स्वातंत्र्याचा आवाज चालविला, पोर्तुगीज आणि कोकणी भाषांतून. प्रथम आंबोलीच्या बाजूला, मग कॅसलरॉकच्या रानात, ट्रकमध्ये यंत्र ठेवून. पाऊस, जळवा, साप आणि बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला, सहा वर्षे! डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती वार्ता सांगितली. लिबियाताईंना पद्मश्री मिळाली ती २०२५ साली, वयाच्या शंभरीत. इतका उशीर का, हा प्रश्न कोणी विचारायचा?

स्वातंत्र्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले, हौशी मंडळींच्या संघटना झाल्या, आणि हा छंद थोड्यांपुरता राहिला. परीक्षेत मोर्स लिपीचे ओझे होते. तयार यंत्रे परदेशी आणि महाग. गरीब हौशी माणूस लष्कराच्या जुन्या मालातून भाग मिळवी आणि स्वतः जुळवी. ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांच्याकडून टपालाने खुणेचे कार्ड येई. पोस्टमन जपानचे, रशियाचे तिकीट पाहून चकित होई. पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हौशी रेडिओचालक होते. हैदराबादेत १९८३ साली राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था निघाली. आपल्या गावाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे वर्ष १९८६. त्या वर्षी आदिलाबादला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात, फार दूर पोहोचत नाहीत. पण जेवढ्या पोहोचतात तेवढ्या नदीपलीकडेही पोहोचतात. या केंद्रावरून तेलुगूबरोबर गोंडीही बोलली जाऊ लागली. ज्या भाषेला कचेरीत, कोर्टात, बाजारात कोणी विचारीत नव्हते, ती खोक्यातून ऐकू येऊ लागली. ज्यांची भाषा नेहमीच छापली गेली आहे, त्यांना या गोष्टीचे मोल चटकन उमगत नाही. तेलुगू मुलखात मराठी शाळा चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना उमगावे.

हौशी रेडिओ खरोखर किती 'हौशी' आहे, हे संकटात कळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. गणपती विसर्जन करून गावे नुकतीच झोपली होती. मातीच्या आणि दगडांच्या भिंतींखाली सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा वेळी सर्वांत आधी टेलिफोनची तार तुटते आणि नेमकी तेव्हाच तिची गरज असते. हौशी रेडिओचालक मोटारीची बॅटरी, तारेचा तुकडा आणि आपला संच घेऊन तेथे गेले व निरोप पोहोचवू लागले. कोणत्या गावाला काय हवे, कोण जिवंत आहे. निरोप एवढेच, पण त्यांची वाट पाहणारी घरे कितीतरी. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आपल्या चमूसह अंदमानला गेल्या होत्या, त्या केवळ हौसेखातर, जगभरच्या हौशी मंडळींना त्या दुर्मीळ ठिकाणाशी संपर्क मिळावा म्हणून. २६ तारखेला सुनामी आली. बेटांचे दळणवळण तुटले, आणि हौसेसाठी उभारलेले ते केंद्र बेटांचा आवाज झाले.

आता आजच्या दिवसाकडे येतो. प्रयोगशाळेचे दार गावाला उघडायचे, ही कल्पना आपल्याकडे कोठे रुजली आहे म्हणाल तर मी पुणे जिल्ह्यातल्या खोडदचे नाव घेईन. नारायणगावजवळच्या या खेड्यात गोविंद स्वरूप यांच्या प्रेरणेने महाकाय मीटरलहरी दुर्बीण उभी राहिली : पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मध्यभागी आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास, ती लोकांना दाखविली जाते आणि तेथे विज्ञान मेळा भरतो. आसपासच्या शाळांतली मुले स्वतः केलेली उपकरणे मांडतात. शेतकरी बायकामुलांसह येतात आणि आपल्या द्राक्षबागांपलीकडच्या त्या तबकड्या काय ऐकतात, ते शास्त्रज्ञांना विचारतात.

या दुर्बिणीची वंशावळ पाहिली तर पुन्हा हौशी माणूसच भेटतो. अमेरिकेतले ग्रोट रेबर हे परवानाधारक हौशी रेडिओचालक होते. त्यांनी १९३७ साली आपल्या घराच्या परसात, पदरमोड करून, साडेनऊ मीटरची तबकडी बांधली. आकाशगंगेकडून येणारी रेडिओची खरखर ते रात्र रात्र नोंदवीत. जवळजवळ दहा वर्षे या विषयात जगात ते एकटेच होते. पुढे ऑस्ट्रेलियाने वापरून झालेल्या बत्तीस लहान तबकड्या भारताला दिल्या, आणि गोविंद स्वरूप यांनी त्या १९६५ साली आपल्या कल्याणला उभारल्या. जुन्या सामानातून नवे यंत्र जुळविण्याची ती वृत्ती परसातल्या हौशी माणसाचीच. मग उटी, मग खोडद. तेथल्या तबकड्यांना जाळी आणि दोर वापरून हलके व स्वस्त करण्याची युक्तीही त्याच बुद्धीतली, असे मला वाटते. शास्त्रज्ञांनी या विधानाबद्दल मला क्षमा करावी.

खाली ठेवलेल्या वस्तूंबद्दल दोन शब्द बोलून थांबतो. वीज न लागणारा तो क्रिस्टलचा संच पाहून कोणी निराश होऊ नये. आपले आदिलाबादचे केंद्र एफएम असल्याने त्यावर ते लागणार नाही. लांब तार बांधून, रात्री, दूरचे एखादे मध्यमलहरी केंद्र कुजबुजले तर कुजबुजले. मोर्सच्या टेबलावर आपले नाव टिंबा-रेघांत वाजविता येईल. आपल्याकडे म्हातारी माणसे तारेच्या त्या आवाजाला 'कडकट्ट' म्हणत. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण हौशी मंडळींनी ती लिपी टाकली नाही. आणि रेडिओचालक आरंभी 'सीक्यू' असा जो पुकारा करतात त्याचा अर्थ मुलांनी मला काल समजावून सांगितला : जो कोणी ऐकत असेल त्याने उत्तर द्यावे. नाव, गाव, देश यांची अट नाही.

सहावीतल्या एका मुलीने मला काल विचारले, "सर, यातले शब्द मराठीत आहेत का?" मी तिला आयनांबर, कंप्रता, प्रक्षेपक असे शब्द लिहून दिले. तिने ते फलकावर काढले आहेत. 'कंप्रता' या शब्दातला रकार मात्र तिने जागा चुकवून दिला आहे, तो मी तसाच राहू दिला. चाळीस मीटरचा पट्टा सूर्यास्तानंतर लांबवर जाऊ लागतो. दालन आज रात्री आठपर्यंत उघडे आहे.